जुनी मराठी पुस्तके विकावी काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत एकच प्रश्न आम्हांस निरनिराळ्या घरांतून विचारला जात आहे. घरातील वडील माणूस जाते, तीस दिवसांचा शोक संपतो, घर रिकामे करून द्यावयाचे असते. भांडीकुंडी, पलंग, शिवणयंत्र यांची कशीबशी विल्हेवाट लागते आणि शेवटी मराठी पुस्तकांचे कपाट तेवढे भिंतीशी उभे राहते. मुले हिब्रूत शिकलेली; नातवंडांना त्या पुस्तकांवरील अक्षरे म्हणजे आजीच्या लुगड्याच्या काठावरील वेलबुट्टी. मग कोणी तरी सुचविते, "इंटरनेटवर विकून टाका. लंडन-अमेरिकेत मराठी माणसे पुष्कळ आहेत. जुन्या पुस्तकांना चांगले पैसे येतात म्हणे."

या "म्हणे"चा आज आम्ही थोडा हिशेब मांडणार आहोत. पुस्तक विकण्यात कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही. ज्यांनी ती पुस्तके घेतली त्यांतील पुष्कळांनी ती मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनीच घेतली होती. तेव्हा पुस्तकाने आणखी एक हात बदलला तर त्यात विटाळ कसला? प्रश्न आहे तो पदरात काय पडते याचा. आणि त्याहून मोठा म्हणजे, हातातून काय जाते याचा.

आम्ही काठावर बसून पोहण्याचे धडे देत आहोत असे कोणी समजू नये. दिमोना येथील आमच्या आत्याबाई वारल्या तेव्हा त्यांची दोन कपाटे आमच्याच वाट्यास आली. फडके, खांडेकर, साने गुरुजी, 'किरलोस्कर'चे अंक, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि हळदीच्या डागांनी पिवळी झालेली 'रुचिरा'. आम्ही उत्साहाने सात कादंबऱ्यांचा एक संच करून एका मोठ्या संकेतस्थळावर मांडला. महिनाभराने इंग्लंडमधील एका गृहस्थांनी तो ४५ डॉलरना घेतला. आम्ही स्वयंपाकघरातील काट्यावर पुस्तके आधीच तोलली होती : १ किलो ९०० ग्रॅम. टपालाचे पैसे त्याच हिशेबाने ग्राहकाकडून घेतलेले. पुस्तके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून टपालकचेरीत गेलो, तर काटा २ किलोच्या वर! लहान पाकिटाची मर्यादा २ किलोची. खिडकीमागच्या बाईंनी खोके परत सरकवले : एकतर दोन पाकिटे करा, नाही तर पार्सलचा दर भरा. आमच्या मागे रांग उभी होती. पार्सलचा दर भरला. संकेतस्थळाची दलाली वजा जाता ४५ डॉलरमधून जे उरावयाचे, त्यातील निम्म्याहून अधिक त्या खिडकीतच गेले.

गोष्ट एवढ्यावर संपती तरी बरे. पुढे त्या गृहस्थांचे पत्र आले की एका कादंबरीत मध्येच सोळा पाने नाहीत. मुंबईच्या बांधणीवाल्याने पन्नास वर्षांपूर्वी एक फर्मा गाळला होता आणि आत्याबाईंनी तो तसाच वाचून सोडला होता! वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परतीचा खर्च विक्रेत्याने सोसावा असा अशा संकेतस्थळांचा बहुधा नियम असतो. परतीचा खर्च पुस्तकांच्या किमतीपेक्षा जास्त. आम्ही पैसे परत केले आणि पुस्तके त्यांनाच ठेवावयास सांगितले. त्या सद्‌गृहस्थांनी आभाराचे मोठे गोड पत्र पाठविले. त्या सबंध व्यवहारातील आमची नफ्याची बाजू तेवढीच.

आता चूक आमचीच होती हे कबूल. खोक्यासह वजन न करणे, पाने न मोजणे हे दोन्ही गुन्हे आमचे. पण कोणतीही चूक न करणाऱ्या विक्रेत्याच्या हाती काय येते, तेही पाहावे.

समजा, एका चांगल्या स्थितीतील कादंबरीची आपण १२ डॉलर किंमत लावली व इस्राएलहून अमेरिकेस पाठविण्याचे १८ डॉलर टपाल धरले. ग्राहक न्यूयॉर्क शहरात आहे. ईबेसारख्या ठिकाणी पुस्तकांवरील दलाली आज सुमारे १५ टक्के आहे. आपला भोळा हिशेब असा की १२ डॉलरवर १५ टक्के म्हणजे १ डॉलर ८० सेंट. परंतु दलाली लागते ती ग्राहकाने दिलेल्या एकूण रकमेवर. तीत टपालही आले आणि तेथील विक्रीकरही आला. न्यूयॉर्कचा कर ८.८७५ टक्के, म्हणजे ३० डॉलरवर सुमारे २ डॉलर ६६ सेंट. हा कर संकेतस्थळ परस्पर वसूल करून सरकारात भरते. त्यातील एक पैही आपल्या हातास लागत नाही, पण त्याच्यावरची दलाली मात्र आपण भरावयाची. अशा रीतीने ३२ डॉलर ६६ सेंटवर दलाली झाली ४ डॉलर ९० सेंट. दर विक्रीमागे ठराविक ४० सेंट वेगळे. विक्रेता एका देशात व ग्राहक दुसऱ्या देशात असला की आंतरराष्ट्रीय विक्री म्हणून आणखी एखाद-दीड टक्का. खोके, प्लॅस्टिक, चिकटपट्टी यांचा दीड डॉलर. डॉलरचे शेकेल करताना मधला गृहस्थ दोन-तीन टक्के कापतो ते निराळेच. सर्व वजा जाता १२ डॉलरच्या पुस्तकामागे आपल्या हाती चार डॉलरच्या आसपास उरतात. त्यात एका फलाफलची किंमतही पुरी होत नाही. टपालकचेरीत जाण्यायेण्याचे बसभाडे आणि गेलेली सकाळ आम्ही हिशेबात धरलेलीच नाही.

टपालावरही दलाली हा अन्याय कोणास वाटेल, आम्हांसही वाटला. पण त्याला इतिहास आहे. पूर्वी ईबे केवळ वस्तूच्या किमतीवरच टक्केवारी घेत असे. तेव्हा चतुर विक्रेत्यांनी वस्तूची किंमत एक डॉलरच्या आत आणि टपाल वीस डॉलर अशी जाहिरात करावयास प्रारंभ केला, दलाली बुडाली. २०११ साली नियम बदलला आणि टपाल हिशेबात आले. चोर सुटले आणि संन्याशाला सूळ, त्यातला हा प्रकार.

अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनवर रीत थोडी वेगळी. पुस्तकाला १५ टक्के, शिवाय पुस्तके-संगीत या वर्गासाठी दर नगामागे १ डॉलर ८० सेंट, आणि मासिक वर्गणी न भरणाऱ्या किरकोळ विक्रेत्यास दर नगामागे आणखी ९९ सेंट. सहा डॉलरच्या पुस्तकातून ३ डॉलर ६९ सेंट तेथेच गेले. शिवाय तेथे पुस्तक मांडावयाचे तर आयएसबीएन क्रमांक विचारतात. हा क्रमांक १९७० नंतर जगभर रूढ होत गेला. आपल्या कपाटांतील बहुतेक पुस्तकांना तो नाहीच. कित्येकांवर प्रकाशनवर्ष शकाचे आहे आणि किंमत "दीड रुपया". केवळ पुस्तकांना वाहिलेले अबेबुक्स हे १९९६ साली सुरू झालेले आणि २००८ साली अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेले संकेतस्थळ जुन्या ग्रंथांसाठी प्रसिद्ध आहे. पण तेथे दुकानदारासाठी दरमहा शुल्क असते, दलाली असते ती वेगळीच. ज्याच्या घरी एकच कपाट आहे त्याने महिन्याचे भाडे भरून दुकान कशाला थाटावे?

कोणी म्हणेल, मग इतर लोक एक सेंटला पुस्तक कसे विकत होते? अमेरिकेत काही वर्षे खरोखर तसे चालले. पुस्तकाची किंमत एक सेंट आणि टपालाचे ठरलेले ३ डॉलर ९९ सेंट. प्राप्ती सगळी टपालाच्या फरकातून. पण हे विकणारे लोक पुस्तके टनावारी उचलीत, यंत्राने तपाशीत आणि टपालखात्याकडून घाऊक दर घेत. शिवाय अमेरिकेत १९३८ सालापासून पुस्तकांना टपालाची खास सवलत आहे. लोदच्या टपालकचेरीत एक पुस्तक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची आणि त्यांची बरोबरी कशी व्हावी?

टपालाच्या बाबतीत तर आपला काळच फिरला आहे. पूर्वी पुस्तके समुद्रमार्गे जात. दोन-तीन महिने लागत, पण दर परवडत असे. अमेरिकेच्या टपालखात्याने परदेशी समुद्रटपाल २००७ साली बंद केले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांवरील जकातमाफी काढून घेतली तेव्हा अनेक देशांच्या टपालखात्यांनी तिकडे जाणारी पार्सले काही काळ थांबविली. त्यांत भारताचेही होते. म्हणजे आज लावलेला दर महिन्याने राहील याचा भरवसा नाही. पुस्तक मांडताना लिहिलेले टपाल आणि विकले जाईल त्या दिवशीचे टपाल यांत अंतर पडले तर ते अंतर आपल्या खिशातून.

याउलट भारतात पाहावे. तेथील टपालखात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची योजना सुरू केली. शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तके देशांतर्गत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंत १०० रुपयांत जातात, कर वेगळा. म्हणून ज्यांचे ठाण्याचे अथवा मुंबईचे घर अजून आवरावयाचे आहे त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की तेथील कपाट येथे आणू नका. विकावयाचे तर तेथेच विका. जे पुस्तक ठाण्याहून नागपुरास तीस-पस्तीस रुपयांत पोचते तेच आधी विमानाने येथे आणून मग पुन्हा येथून पाठविणे म्हणजे उलटी गंगा वाहविणे होय.

शिवाय लोकप्रिय पुस्तकांची किंमत जुनेपणाने वाढत नाही. 'ययाति' १९५९ चे, 'मृत्युंजय' १९६७ चे, 'रुचिरा' १९७० ची. तिन्ही आजही नव्याने छापली जातात आणि बुकगंगासारख्या दुकानातून परदेशीही मागविता येतात. नवी कोरी प्रत मिळत असता आपल्या पिवळ्या प्रतीस कोण जादा देणार? संकेतस्थळावर एखाद्याने त्याच पुस्तकास शंभर डॉलर लावलेले दिसतात खरे. पण ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहण्याची सोय आहे. ती पाहिली की डोळ्यांवरील धुंदी उतरते.

इथवरचा हिशेब सरळ आहे. आमची खरी चिंता पुढेच आहे.

दलाली आणि टपाल यांची मिळून एक चाळण होते. हलके ते चाळणीत अडकते, जड ते खाली पडते. बारा डॉलरची कादंबरी या चाळणीत अडकते. विकून काही उरत नाही, म्हणून घरीच राहते. खाली कोणते पुस्तक पडते? ज्याला दोनशे-तीनशे डॉलर येतील असे. ज्याच्यापुढे दलाली, टपाल, खोके सगळे किरकोळ ठरते. आणि आपल्या कपाटात असे पुस्तक कोणते असते? फडके नव्हे, खांडेकर नव्हे. ते असते आपल्या पूर्वजांनी मुंबई-पुण्यात छापलेले पातळसे चोपडे : हिब्रूबरोबर मराठी अर्थ दिलेली प्रार्थना, एखाद्या कीर्तनाची पुस्तिका, सणांची माहिती, जुन्या मासिकाचा सुटा अंक. १८८० च्या सुमारास आपल्या समाजात कीर्तने सुरू झाली, त्यांची पदे व आख्याने लहान पुस्तिकांच्या रूपाने निघाली. प्रती थोड्याच निघत आणि त्याही हाताळून झिजल्या. आज त्यांना मोठी ग्रंथालये व संग्राहक गिऱ्हाईक आहेत. म्हणजे बाजाराचा कौल असा की जे कोठेही मिळते ते तुम्ही ठेवा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते पाठवून द्या.

यात दोष विकणाऱ्या कुटुंबाचा नाही. ज्या घरात पैशाची निकड आहे त्या घरास "समाजासाठी दान करा" असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? समाजाने तरी ती पुस्तके कधी मागितली? आम्ही एवढेच म्हणतो की अशी वस्तू अंधारात विकू नये. १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात हिब्रू व मराठी हगादा छापली गेली. तीत मत्सा करणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत आणि त्या स्त्रिया आपल्याकडील वेशात आहेत. तिची मूळ प्रत हाती असणे निराळे आणि १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली तिची छायाप्रत असणे निराळे. पहिलीस पुस्तकविक्या मोलाने घेईल. दुसरीचे मोल त्या मानाने फारच थोडे. हा भेद ज्यास ठाऊक नाही तो मूळ प्रत मातीमोल देईल, नाही तर छायाप्रतीस मूळ म्हणून मांडून परतीचा भुर्दंड सोशील.

विक्रीहून वाईट असे एक टोक आहे तेही सांगितले पाहिजे. हिब्रू अक्षरांत देवाचे नाव असलेली फाटकी पुस्तके रद्दीत घालावयाची नाहीत, ती गनिझात ठेवून पुढे पुरावयाची, हा आपला धर्माचार. मराठी न जाणणारी मुले ही पुस्तके एका पिशवीत भरून सिनेगॉगमध्ये नेऊन देतात. तेथेही मराठी वाचणारा कोणी असतोच असे नाही. पिशवी गनिझात जाते आणि तिच्याबरोबर कदाचित एखाद्या पुस्तिकेची शेवटची प्रत मातीआड होते. संग्राहकाच्या कपाटात गेलेली पुस्तिका कधी तरी कोणी उघडील. मातीतली कोण उघडणार? म्हणून विकणे आणि पुरणे यांतून निवडावयाचे झाले तर आम्ही खुशाल विका असे म्हणू.

परंतु या दोहोंच्या आधी करण्यासारखे एक काम आहे आणि त्यास दलाली नाही की टपाल नाही. अशा प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ, आतील पहिले पान आणि शेवटचे पान यांची मोबाइलवर छायाचित्रे काढावी. शक्य तर सगळीच पाने काढावी. चाळीस पानांच्या पुस्तिकेस अर्धा तास लागत नाही. पुस्तक कडक झाले असेल तर ते दाबून सपाट करू नये. मुंबईच्या दमटीत वाढलेला कागद नेगेवच्या कोरड्या हवेत पापडासारखा मोडतो. मग यरुशलेम येथील राष्ट्रीय ग्रंथालय किंवा बेन-झ्वी संस्था यांस छायाचित्रे दाखवून त्यांच्याकडे ते पुस्तक आहे काय, हे विचारावे. त्यांच्याकडे असेल तर आपण मोकळे, खुशाल विकावे. नसेल तर निदान आपण काय विकत आहोत हे तरी कळेल आणि मग किंमतही त्या जाणिवेने लावता येईल.

राहिली ती कादंबऱ्यांची कपाटे. त्यांना परदेशी गिऱ्हाईक शोधू नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. देशातल्या देशात विकावीत, तीही एकेक नव्हे, तर गठ्ठ्याने. याद श्तायिमवर घरगुती जुन्या सामानाची जाहिरात विनामूल्य करता येते. बाजू एवढीच की तेथे मराठी शोधणारे थोडे, म्हणून शीर्षक मराठीत व हिब्रूत दोन्ही लिहावे. पैसे बिटवर यावे, पुस्तके घेणाऱ्याने घरी येऊन न्यावी. गठ्ठ्यास पन्नास शेकेल मिळाले तरी ते पन्नासच्या पन्नास आपले. दूर अमेरिकेतील बारा डॉलरहून हे बरे. आणि दिमोना, अश्दोद, लोद, रामले येथे अजून असे आजी-आजोबा आहेत की ज्यांना दुपारी वाचावयास मराठी पुस्तक हवे असते आणि ते मागावयास संकोच वाटतो. आत्याबाईंच्या उरलेल्या पुस्तकांपैकी चाळीस आम्ही अशाच एका वृद्ध बाईंकडे पोचविली. बसचे भाडे पडले तेवढाच खर्च. त्यांनी 'रुचिरा' प्रथम उचलली, हळदीचे डाग पाहिले आणि कोणत्या पानावर ते जास्त आहेत हे तपासू लागल्या.

मुंबईस जाणाऱ्यांनी सामानात चार-सहा किलो जागा ठेवून आपली पुस्तके तिकडच्या एखाद्या वाचनालयास द्यावी, अशीही सूचना येते. चांगली आहे, पण आधी त्या वाचनालयास विचारून. त्यांच्याकडेही 'ययाति'च्या पाच प्रती असतील.

ज्यांच्या घरी कपाट आवरावयाचे चालले आहे त्यांनी विकण्यापूर्वी पुस्तकांची यादी आमच्याकडे पाठवावी. यादी करणे जमत नसेल, अक्षर वाचता येत नसेल, तर कपाटातील प्रत्येक फळीचे एकेक छायाचित्र पुरे. नावे आम्ही वाचून काढू. पुस्तकांच्या कण्यावर नाव नसलेली पातळ चोपडी मात्र बाहेर काढून, मुखपृष्ठ दिसेल अशी टेबलावर पसरून वेगळी टिपावी.